आधी अंदाज, मग गणित: पदवीच्या पातळीवर वीजप्रणालीचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते की, पॉवर सिस्टिम्सचे दोन्ही पेपर चांगल्या गुणांनी सुटले, तरी विषय समजला असे वाटत नाही. पर युनिट, सममित घटक (असंतुलित तीन फेजची संतुलित संचांत फोड), वाय-बस मॅट्रिक्स (जाळ्यातल्या जोडण्यांचा तक्ता), स्विंग समीकरण (धक्क्यानंतर जनित्राचा वेग कसा बदलतो ते सांगणारे) ही सगळी प्रकरणे सुटी सुटीच राहतात. हा विषय नेमका कसा अभ्यासावा, एम.टेक.साठी तो निवडावा का, आणि सौरऊर्जेच्या काळात तो जुना तर झाला नाही ना, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी पारेषणाच्या चाचणी विभागात, म्हणजे रिले (बिघाड ओळखून लाईन उघडायला लावणारी यंत्रणा) आणि संरक्षणाच्या कामात, बरीच वर्षे काढली, त्यानंतर भार प्रेषण केंद्रात, म्हणजे जिथून जाळ्यातली वीज क्षणोक्षणी जुळवली जाते तिथे, शिफ्ट केल्या, आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस हाच विषय शिकवतो. माझे उत्तर या तीन खुर्च्यांवरून जे दिसले त्यावर बेतलेले आहे.

प्रकरणे सुटी वाटतात यात तुमचा दोष नाही. अभ्यासक्रमात ती तशीच मांडलेली असतात. वास्तविक ती एकाच जाळ्याला विचारलेले चार प्रश्न आहेत: सगळे सुरळीत असताना वीज कोणत्या लाईनमधून किती जाते, काही तुटले तर किती प्रवाह धावतो, तो धक्का बसल्यावर जनित्रे एकमेकांशी पाऊल मिळवून राहतात की नाही, आणि हे सगळे कमीत कमी खर्चात कसे चालवायचे. या चार प्रश्नांना बांधणारा धागा म्हणजे आकड्यांचा अंदाज, आणि माझ्या पाहण्यात विद्यार्थ्यांकडे गणित असते, पण हा अंदाज नसतो. स्वयंपाक करणाऱ्याला चिमूट आणि मूठ यांतला फरक हाताला कळतो. आपल्याकडे मात्र फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा, प्रवाह ६ किलोअँपिअर आला काय आणि ६०० किलोअँपिअर आला काय, उत्तराखाली दोन रेघा तितक्याच ठामपणे मारल्या जातात. म्हणून प्रत्येक गणिताआधी उत्तर साधारण कुठे येईल हे कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मग गणित करा, आणि संगणकाकडे सर्वांत शेवटी वळा.

सुरुवात घराजवळच्या वितरण रोहित्रापासून करा, ज्याला गावात सगळे डीपी म्हणतात. कुंपणाबाहेर उभे राहून नेमप्लेट वाचता आली तर उत्तम, नाही तर हे आकडे घ्या: १०० केव्हीए, ११००० / ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) ४.५ टक्के. पूर्ण भाराचा प्रवाह खालच्या बाजूला १३३ अँपिअर येतो. ४.५ टक्के इम्पिडन्स याचा अर्थ असा की, रोहित्राच्या टोकाशीच तिन्ही फेज एकत्र आल्या तर प्रवाह पूर्ण भाराच्या शंभर भागिले साडेचार, म्हणजे सुमारे २२ पट होईल. १३३ गुणिले २२ म्हणजे जवळजवळ ३००० अँपिअर. पर युनिटचे अख्खे प्रकरण या एका ओळीत आहे. बेस, म्हणजे मोजण्याचे माप, बदलण्याची सूत्रे पाठ करण्याआधी हे एकदा मनात बसले पाहिजे की, पर युनिट आकडा म्हणजे यंत्राने स्वतःच्या मापाने सांगितलेली स्वतःची गोष्ट असते, आणि म्हणूनच १०० केव्हीएचे रोहित्र आणि ३१५ एमव्हीएचे रोहित्र यांचे ओहम अगदी वेगळे असले तरी टक्केवारी एकाच घराण्यातली वाटते.

आता त्याच डीपीवरून निघालेल्या लघुदाब वाहिनीच्या शेवटच्या खांबावर जा. वाहिनी ८०० मीटर आहे आणि तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम आहे असे धरा. शेवटच्या खांबावर फेजची तार न्यूट्रलला चिकटली, तर जाण्या-येण्याच्या वाटेचा रोध १.४४ ओहम, त्यात रिॲक्टन्स आणि रोहित्राचा किरकोळ वाटा मिळवला की एकूण दीड ओहमच्या थोडे वर जाते. अडीचशे व्होल्टला तेवढ्याने भागा. प्रवाह १६० अँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे रोहित्राच्या पूर्ण भारापेक्षा जेमतेम वीस टक्के जास्त. डीपीवरचा फ्यूज हा फॉल्ट आहे की चार पंप एकदम सुरू झाले आहेत हे ओळखू शकत नाही. आणि तार न्यूट्रलला न चिकटता तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर जमिनीचा रोध पन्नास ओहम धरला तरी प्रवाह पाच अँपिअर होतो, एखाद्या गिझरच्या निम्माच. तुटलेली तार जिवंत का राहते, आणि लाईनमन ‘तारेजवळ जाऊ नका’ असे ओरडून का सांगतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. फॉल्ट म्हणजे प्रचंड प्रवाह ही वर्गात तयार होणारी समजूत निम्मीच खरी आहे. फॉल्ट किती मोठा आहे हे तो कुठे आहे यावर ठरते, आणि संरक्षणाची खरी अडचण लहान फॉल्टमध्ये असते.

सममित घटकांकडे याच वाटेने जाता येते. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली ही पद्धत मांडली तेव्हा त्यांच्या कामाची सुरुवात रेल्वेच्या एक-फेजी भारामुळे होणाऱ्या असंतुलनाच्या अभ्यासातून झाली होती. आपल्याकडेही रेल्वेचे २५ किलोव्होल्टचे ट्रॅक्शन उपकेंद्र उच्चदाबाच्या लाईनच्या तीनपैकी दोनच फेजवरून वीज घेते, त्यामुळे ऋण क्रमाचा प्रवाह (फेजचा क्रम उलटा असलेला घटक) ही आपल्या जाळ्यात रोज वाहणारी वस्तू आहे. शून्य क्रमासाठी पुन्हा त्याच डीपीकडे या. तिची वरची बाजू डेल्टा (त्रिकोणी जोडणी), खालची स्टार (तिन्ही गुंडाळ्या एका बिंदूत जोडलेली), आणि स्टारचा मध्यबिंदू अर्थ केलेला असतो. शून्य क्रमाचा प्रवाह म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेने जाणारा आणि न्यूट्रलने किंवा जमिनीतून परतणारा प्रवाह. डेल्टाकडून बाहेर पडायला त्याला चौथी वाट नाही, म्हणून तो डेल्टात गोल फिरून तिथेच संपतो. परिणामी खाली अर्थ फॉल्ट झाला तरी वर ११ केव्ही फीडरच्या (उपकेंद्रातून निघालेल्या वाहिनीच्या) अर्थ फॉल्ट रिलेला त्याचा पत्ता लागत नाही. शून्य क्रमाच्या जाळ्यात डेल्टाच्या जागी वाट तुटलेली का काढतात, हे पाठ करण्याची गरज मग उरत नाही.

चुकलेल्या बेसची एक गोष्ट सांगतो, कारण ती दरवर्षी घडते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्रकल्पासाठी १३२ / ३३ केव्ही उपकेंद्राचा अभ्यास केला. रोहित्र ५० एमव्हीएचे, इम्पिडन्स १२.५ टक्के. संगणकातील सामाईक बेस १०० एमव्हीए होता, त्यामुळे आकडा ०.२५ भरायला हवा होता, त्यांनी ०.१२५ भरला. लोड फ्लो (वीज कोणत्या लाईनमधून किती जाते याचे गणित) चार आवर्तनांत सुटला, आलेख सुबक आले, अहवाल बांधून तयार झाला. मी एवढेच विचारले की, ३३ केव्ही बसवर (जिथे लाईनी जुळतात त्या सामाईक पट्टीवर) फॉल्ट झाला तर प्रवाह किती येईल ते कागदावर सांगा. रोहित्र एकच आणि मागचा स्रोत अमर्याद धरला तरी फॉल्टची पातळी ५० भागिले ०.१२५, म्हणजे ४०० एमव्हीए, आणि प्रवाह ७ किलोअँपिअर, याच्या वर ती जाऊच शकत नाही. संगणक १२ किलोअँपिअरच्या वर सांगत होता. गणित सुटले म्हणजे बरोबर आले असे होत नाही. सुटले याचा अर्थ एवढाच की, तुम्ही भरलेल्या आकड्यांशी उत्तर सुसंगत आहे. आकडे चुकीचे असतील तर ते चुकांशीही तितकेच सुसंगत राहते. त्याच उपकेंद्रात असे दुसरे रोहित्र समांतर जोडले आणि १३२ केव्ही बाजूची फॉल्ट पातळी ४००० एमव्हीए असली, तर प्रवाह ६.४ वरून ११.७ किलोअँपिअर होतो, दुपटीला थोडा कमी पडतो. तो का कमी पडतो हे ज्याला सांगता येते, त्याला थेवेनिन (मागचे सारे जाळे एक स्रोत आणि एक इम्पिडन्स धरण्याची रीत) समजला असे मी मानतो.

रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात ये-जा करणारी आणि दाब सांभाळणारी) हे प्रकरण विद्यार्थ्यांना सर्वांत धूसर वाटते, कारण वर्गात ते पेल्यावरच्या फेसासारखे काहीतरी आहे असे सांगून पुढे जातात. ही उपमा सोडून द्या. त्याऐवजी भार प्रेषण केंद्रातील पावसाळ्याची एक रात्र डोळ्यांपुढे आणा. पहाटेचे तीन वाजले आहेत, सगळीकडे पाऊस असल्याने शेतीपंप बंद आहेत, पंखेसुद्धा कमी आहेत. ३०० किलोमीटरची ४०० केव्ही लाईन जवळजवळ रिकामी आहे. रिकामी लाईन हे एक लांबलचक कपॅसिटर असते आणि किलोमीटरला सुमारे ०.५५ एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) तयार करते. ३०० किलोमीटरला ते १६५ एमव्हीएआर झाले. पलीकडचे टोक उघडे असेल तर तिथला दाब (व्होल्टेज) किती? पन्नास हर्ट्झला विद्युतलहरीची लांबी ६००० किलोमीटर, त्यातले ३०० किलोमीटर म्हणजे १८ अंश, आणि एक भागिले १८ अंशांची कोज्या म्हणजे १.०५. या टोकाला ४०० केव्ही असताना त्या टोकाला ४२० होतात, आणि ४०० केव्हीच्या उपकरणांची सर्वोच्च मर्यादा ४२० हीच आहे. फेरांती परिणाम म्हणून तुम्ही दोन गुणांची टीप लिहिता तो हा. शिफ्टमधला अभियंता आधी सगळे रिॲक्टर (ही जादा रिॲक्टिव्ह पॉवर शोषणाऱ्या गुंडाळ्या) चालू करतो, जनित्रांना रिॲक्टिव्ह शोषायला सांगतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर धडधाकट लाईनच बंद करतो. लॉगशीटमध्ये ‘व्होल्टेज नियंत्रणासाठी लाईन उघडली’ अशी नोंद होते, आणि त्या घटकेपासून जाळे एका लाईनने दुबळे होते. सकाळी भार चढताना ती वेळेवर परत घ्यावी लागते. दाब सांभाळणे आणि विश्वासार्हता सांभाळणे यांतली ही ओढाताण समजली, तर रिॲक्टिव्ह पॉवरच्या क्यू या अक्षराची भीती उरत नाही.

फ्रिक्वेन्सीसाठी ५ एप्रिल २०२० ची रात्र अभ्यासा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन होते. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती देशभरात ३१,००० मेगावॉटहून अधिक उतरली आणि काही मिनिटांत परत चढली. तरीही फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झ यांच्या दरम्यान राहिली. यामागे जादू नव्हती. नऊच्या आधीच औष्णिक संच खाली घेऊन जलविद्युत वर चढवून ठेवली होती, जेणेकरून नऊ वाजता पटकन सोडण्याजोगे काहीतरी हातात असावे. कोळशाचा बॉयलर मिनिटात हलत नाही, पाण्याचे टर्बाइन हलते. गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारे नियंत्रण) आणि त्याचा ड्रूप (पूर्ण क्षमतेएवढा बदल घडवायला लागणारा फ्रिक्वेन्सीतला टक्केवारी फरक) यांचे गणित इथे करून पाहा: ५०० मेगावॉटचा संच, ड्रूप ५ टक्के, फ्रिक्वेन्सीत ०.१ हर्ट्झ म्हणजे ०.२ टक्के फरक, तर संचाचा प्रतिसाद ४ टक्के, म्हणजे फक्त २० मेगावॉट. एकेकट्या संचाची मदत किती तोकडी असते आणि शेकडो संच एकत्र असण्याला का महत्त्व आहे, हे त्यातून दिसते.

हाच मुद्दा जडत्वाचा, म्हणजे फिरत्या यंत्रांच्या वेग टिकवण्याच्या वृत्तीचा. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही लाईन ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका तालात आले. सोलापूरचे नाव या विषयाच्या इतिहासात लागले ते असे. दोन लाख मेगावॉटच्या जाळ्यातून १५०० मेगावॉट अचानक गेले आणि जडत्वाचा स्थिरांक ४ सेकंद धरला, तर स्विंग समीकरणातून फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला ०.०५ हर्ट्झपेक्षाही कमी वेगाने घसरते. मूळ जाळ्यापासून तुटलेल्या ३००० मेगावॉटच्या शहरी बेटातून ५०० मेगावॉटचा एक संच गेला, तर तोच वेग सेकंदाला एक हर्ट्झच्या वर जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा शहर वेगळे काढून वाचवण्याच्या योजनेबद्दल खूप चर्चा झाली. ती चर्चा समजून घ्यायची असेल तर आधी हे दोन भागाकार शेजारी शेजारी लिहा. बेट मूळ जाळ्याकडून आधीच वीज घेत असेल तर तुटण्याच्या क्षणी तुटवडा आणखी मोठा असतो, आणि भार कापायला हाताशी मोजके सेकंद उरतात.

संरक्षण हा माझा मूळ विषय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका २२० केव्ही उपकेंद्रात, ज्याचे नाव सांगत नाही, आम्ही एक ट्रिपिंग तपासायला गेलो. फॉल्ट पलीकडच्या दुसऱ्याच लाईनवर होता, पण आमची लाईन क्षणार्धात उघडली होती. लाईन ६० किलोमीटर, किलोमीटरला ०.४ ओहम, म्हणजे एकूण २४ ओहम. तिच्यावर दूरी रिले होता, जो दाब भागिले प्रवाह करून फॉल्ट किती ओहम दूर आहे ते पाहतो. त्याच्या पहिल्या झोनची, म्हणजे लगेच उघडायच्या टप्प्याची, मर्यादा ८० टक्के, म्हणजे १९.२ ओहम, कारण सीटी (प्रवाह मोजमापापुरता लहान करणारे रोहित्र), पीटी (तेच दाबासाठी) आणि लाईनच्या आकड्यांतल्या चुका मिळून पुढच्या बसच्या पलीकडे हात जाऊ नये. सीटी ८००/१ आणि पीटीचे प्रमाण २०००, म्हणून रिलेवर लावायचा आकडा १९.२ गुणिले ८०० भागिले २०००, म्हणजे ७.६८. रिलेवर अगदी तेवढाच होता. दोन तास आम्ही रिलेलाच दोष देत बसलो. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या तंत्रज्ञाने सीटीची जंक्शन बॉक्स उघडली आणि जोडणी ४०० च्या टॅपवर असल्याचे दाखवले. दुरुस्तीच्या वेळी टॅप बदलला गेला होता आणि सेटिंग तसेच राहिले होते. आता ७.६८ ला २००० ने गुणून ४०० ने भागा: ३८.४ ओहम. चोवीस ओहमच्या लाईनचा रक्षक साडेअडतीस ओहमपर्यंत नजर लावून बसला होता आणि शेजारच्या घरातला आवाज ऐकून आपले दार बंद करत होता. रिले निर्दोष होता, सूत्र निर्दोष होते. चूक तारेच्या एका जोडणीत होती. वर्गातल्या दूरी रिलेच्या वर्तुळावर, म्हणजे तो कुठवर पाहतो त्याच्या आकृतीवर, सीटी आणि पीटी कधीच काढलेले नसतात, हे मला तेव्हापासून खटकते.

त्याच वर्तुळाची मोठी आवृत्ती ३० आणि ३१ जुलै २०१२ च्या मोठ्या वीजखंडांत देशाने पाहिली. बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाईन दोन्ही दिवशी उघडली, आणि तिच्यावर फॉल्ट नव्हता. रिलेला दिसतो तो दाब भागिले प्रवाह. दाब ४०० केव्ही आणि भार १००० एमव्हीए असेल तर रिलेला १६० ओहम दिसतात. दाब ३७० वर घसरला आणि भार १४०० झाला तर सुमारे ९८. भार वाढताना दाब पडतो, म्हणून हा आकडा दोन्ही बाजूंनी खाली येतो आणि तिसऱ्या झोनच्या (सर्वांत दूरवर पाहणाऱ्या टप्प्याच्या) मोठ्या वर्तुळात शिरतो. रिले मग भारालाच फॉल्ट समजतो. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणारा प्रवाह उरलेल्या वाटांवर ढकलला गेला, जनित्रांमधला कोन वाढत गेला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन विभागांची जाळी बसली. लोड फ्लो, दाब, संरक्षण आणि स्थिरता ही चारही प्रकरणे त्या दुपारी एकाच घटनेत होती. या घटनेचा चौकशी अहवाल सार्वजनिक आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने तो पेन्सिल घेऊन वाचावा. कळायला तीन आठवडे लागतील, आणि तेवढे लागू द्यावेत.

आर्थिक भारवाटपाबद्दल एकच उदाहरण पुरेल. लॅग्रांजचा लॅम्डा म्हणजे काय असे विचारले की विद्यार्थी ‘इन्क्रिमेंटल कॉस्ट’ (आणखी एका युनिटचा खर्च) म्हणून मोकळे होतात. कोयनेकडे पाहा. पाण्याला कोळशासारखी किंमत नाही, मग सगळ्यांत आधी कोयनाच पूर्ण क्षमतेने का चालवत नाहीत? कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. साधारण पावणेपाचशे मीटर उंचीवरून एक टीएमसी पाणी पडले तर अंदाजे सव्वातीन कोटी युनिट मिळतात. खालच्या कोळकेवाडीच्या टप्प्याला तेच पाणी पुन्हा वापरले जाते ते बाजूला ठेवू. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याची मिळून क्षमता १६०० मेगावॉट आहे. भागाकार केला तर वर्षभराचे पाणी पूर्ण क्षमतेने दोन महिनेसुद्धा पुरत नाही. म्हणून त्या पाण्याला एक न दिसणारी किंमत लागते: आज संध्याकाळी वापरलेले पाणी मे महिन्यातल्या कोणत्या महागड्या तासाला वाचवता आले असते, ती किंमत. तो लॅम्डा. जूनमध्ये पाऊस कसा लागतो यावर तो बदलतो, आणि शिफ्टमधल्या माणसाला तो सूत्राविना ठाऊक असतो.

संगणक शेवटी असे म्हटले, पण टाळा असे म्हटलेले नाही. तीन बसचा लोड फ्लो न्यूटन-रॅफसनने (अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत उत्तराकडे जाण्याच्या रीतीने) हाताने एकदा, फक्त एकदा, पूर्ण करा. त्यानंतर टिनी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये विरळ मॅट्रिक्सचा (ज्यात बहुतेक जागी शून्य असते) उपयोग करून ही पद्धत मोठ्या जाळ्यांना कशी परवडेल अशी केली, आणि स्टॉट व अल्साक यांनी १९७४ मध्ये मेगावॉट कोनाशी आणि एमव्हीएआर दाबाशी जास्त बांधलेले असतात या साध्या निरीक्षणावर जलद पद्धत कशी उभी केली, हे वाचताना गंमत येते. मॅटपॉवर ऑक्टेव्हवर फुकट चालते, पँडापॉवर पायथनवर चालते. महागड्या परवान्याच्या सॉफ्टवेअरची वाट पाहत बसू नका. चौदा बसचे प्रमाणित जाळे घ्या, एक लाईन काढा, आणि बटण दाबण्याआधी कोणत्या लाईनवर भार वाढेल ते लिहून ठेवा. दहापैकी सात वेळा अंदाज बरोबर येऊ लागला की पुढे जा.

विषय जुना झाला का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम नकार आहे, आणि कारण भावनिक नाही. इन्व्हर्टर (सौर पॅनेलची वीज एसी करणारे यंत्र) फॉल्टच्या वेळी स्वतःच्या क्षमतेच्या सव्वापटीच्या आसपासच प्रवाह देतो. फिरणारे जनित्र सुरुवातीला पाच-सहा पट देते. मोठा प्रवाह म्हणजे फॉल्ट हे गृहीतक ज्या रिलेंच्या पोटात आहे, त्यांचे काय करायचे? सौर प्रकल्पाला आपोआप येणारे जडत्व नसते, मग दुपारी बारा वाजता जाळ्याचे जडत्व कोण पुरवणार? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कृषी फीडरच्या उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प उभे राहत आहेत. एखाद्या पावसाळी पण उघडीप असलेल्या दुपारी पंप बंद आणि ऊन चालू असले, की ११ केव्हीकडून ३३ केव्हीकडे वीज उलटी चढते. त्या वेळी टॅप चेंजर (रोहित्राचा दाब कमीजास्त करणारी यंत्रणा), दिशादर्शक रिले आणि मीटर कसे वागतात हे कोणीतरी मोजून, समजून सांगायला हवे आहे. हे प्रश्न जुन्या विषयाचेच आहेत, फक्त त्यांची गृहीतके उघडी पडली आहेत. जिला फेरांती आणि शून्य क्रम हाताने कळले आहेत तिला ते हाताळता येतील. केवळ कन्व्हर्टरचे नियंत्रण शिकलेल्याला ते कठीण जातील.

एम.टेक.बद्दल. रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे आणि कंट्रोल सिस्टिम्स यांतला हात तपासून पाहा. स्थिरतेचा पुढचा अभ्यास जवळजवळ सगळा तिथे आहे, आणि पार्क यांचे १९२९ चे रूपांतर (फिरत्या यंत्राची समीकरणे सोपी करणारे) न समजता यंत्राचे प्रतिमान वापरणे म्हणजे भाषा न कळता स्तोत्र म्हणणे. गेटच्या (एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेच्या) तयारीने सूत्रे पक्की होतात, अंदाज पक्का होत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे करावे लागतात. महापारेषण, महावितरण किंवा भार प्रेषण केंद्राच्या नोकरीसाठी एम.टेक.ची अट असतेच असे नाही. संशोधन, सॉफ्टवेअर किंवा रिले बनवणाऱ्या कंपन्यांकडे जायचे असेल तर ती दोन वर्षे वसूल होतात. आधी नोकरी आणि तीन-चार वर्षांनी शिक्षण हा क्रम मला स्वतःला अधिक पटतो, कारण तेव्हा विद्यार्थी स्वतःचे प्रश्न घेऊन वर्गात बसतो. घरच्या परिस्थितीत तो जमणार नसेल तर सरळ पुढे शिका. त्यात काही बिघडत नाही.

येत्या सुट्टीत एक काम करा. महाविद्यालयाचे पत्र घेऊन जवळच्या ३३ / ११ केव्ही उपकेंद्राची परवानगी काढा, आणि तिथल्या ऑपरेटरना मानाने विचारून एका फीडरचा एकरेषीय आराखडा स्वतः काढा. रोहित्रांच्या नेमप्लेट, सीटीचे प्रमाण, रिलेचे सेटिंग आणि फीडरची लांबी नोंदवा. यार्डात त्यांच्या सोबतीशिवाय पाऊल टाकू नका आणि बोट दाखवताना हात खांद्याच्या वर नेऊ नका. घरी येऊन फीडरच्या तोंडाशी आणि टोकाशी फॉल्टचा प्रवाह काढा, आणि टोकाच्या फॉल्टला रिले किती सेकंदांत चालेल ते पाहा. मग पुन्हा जाऊन ऑपरेटरना विचारा की, या फीडरवर सर्वाधिक त्रास कुठल्या खांबापलीकडे होतो. त्यांनी सांगितलेला खांब आणि तुमच्या कागदावरचा सर्वांत कमी फॉल्ट प्रवाहाचा खांब शेजारी शेजारी निघाले, तर मला कळवा. वेगळे निघाले तर नोंदी घेऊन या, आपण दोघे बसून बघू.